अशोककुमार
अशोककुमार : (१३ ऑक्टोबर १९११–१० डिसेंबर २००१). हिंदी चित्रपटसृष्टीतील एक ख्यातनाम अभिनेते. मूळ नाव कुमुदलाल कुंजीलाल गांगुली. जन्म बिहारमधील भागलपूर येथे. मालाड (मुंबई) येथील ‘बॉम्बे टॉकीज’ या संस्थेच्या रसायनशाळेत ते नोकरीस होते. अभिनयाची त्यांना ओढ नव्हती. तथापि ‘जीवन नैया’ (१९३६) या चित्रपटाच्या नियोजित नायकास वगळण्यात आल्यावर निर्माते हिमांशू रॉय यांनी ती भूमिका त्यांना दिली. त्याच वर्षी ‘अछूत कन्या’मध्ये देविकाराणींसमवेत त्यांनी केलेली ब्राह्मण तरुणाची भूमिका लोकप्रिय झाली. रंगभूमीचे संस्कार नसल्याने आरंभी त्यांच्या अभिनयात अवघडलेपणा दिसे. परंतु नाटकी हावभाव व आवाजातील चढउतार यांपासून ते दूर राहिले, तेही त्यामुळेच. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) व ‘झूला’ (१९४१) या लीला चिटणीस यांच्याबरोबरच्या चित्रपटांतून त्यांची सहज, बोलल्यासारखी संवादशैली स्थिरावली. ज्ञान मुखर्जी दिग्दर्शित ‘किस्मत’ने (१९४३) त्यांना लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. त्यातील पाकीटमार नायकाने, नायक निष्कलंकच असावा, हा रूढ संकेत मोडला. कोलकात्याच्या ‘रॉक्सी’ चित्रपटगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. चित्रपटातील अभिनय हा रंगमंचीय अभिनयाहून भिन्न असतो, ही जाण हिंदी चित्रपटांत रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. दादासाहेब फाळके पुरस्काराने (१९८८) त्यांचा गौरव झाला. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.