बोरीबंदरची दगडी पाने

बोरीबंदरला तिकिटाच्या रांगेत आपण कधी ना कधी उभे राहिलेलो असतो. एक हात खिशावर, नजर खिडकीवर, आणि मनात एकच विचार, की ही लोकल चुकणार. अशा वेळी मान वर करावी असे कुणाला सुचावे? पण केलीच, तर छताच्या निळ्या रंगावर सोनेरी चांदण्या दिसतात. या दालनाला ‘स्टार चेंबर’ म्हणतात ते त्यामुळेच.

१६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे पहिली गाडी सुटली तेव्हा इथे अगदी साधे स्थानक होते. पुढे कापसाच्या पैशाने मुंबई वाढली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला आपली ऐपत जगाला दाखवावीशी वाटली. १८७८ साली काम निघाले, ते १८८८ पर्यंत चालले. खर्च सोळा लाखांवर गेला. वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. त्यांच्या हाताखाली रावसाहेब सीताराम खंडेराव आणि एम. एम. जनार्दन हे आपले दोन अधिकारी होते. स्टीव्हन्सचे नाव सगळे घेतात, या दोघांचे फारसे कुणी घेत नाही.

नक्षीकामाचे श्रेय जाते सर जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांना. जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ साली ही शाळा निघाली. तिच्या हातची कला बाजारहाट करणाऱ्यांनी आधीच पाहिली होती. १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या दारांवरची शेतकऱ्यांची शिल्पे याच शाळेतले शिक्षक लॉकवुड किपलिंग यांची. (‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डचे हे वडील.) भाजी घ्यायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर शेतकऱ्याचे चित्र, ही कल्पना मला आजही फार आवडते.

स्थानकाच्या कामात मात्र एक वाटणी झालेली दिसते. घुमटावर उभी असलेली, हातात मशाल आणि चाक घेतलेली ‘प्रगती’, तसेच शेती, व्यापार, अभियांत्रिकी यांच्या मूर्ती थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराकडे गेल्या. पाने, वेली, पक्षी, प्राणी आले आपल्या मुलांच्या वाट्याला. मोठा अर्थ सांगणारे काम साहेबाचे आणि किनारपट्टी नेटिवाची, असा हा हिशेब. पण खरे सांगायचे तर ‘प्रगती’पेक्षा ते मोर आणि ती पाने अधिक जिवंत वाटतात. ‘प्रगती’ कुठल्याही गावच्या घुमटावर चालली असती, मोर इथलाच.

या मुलांवर देखरेख होती जॉन ग्रिफिथ्स यांची. याच ग्रिफिथ्सनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. हे काम १८८५ पर्यंत, बऱ्याच हंगामांत चालले. म्हणजे तिकडे लेण्यांच्या अंधारात पद्मपाणीच्या रेषा गिरवल्या जात होत्या, त्याच काळात इकडे बोरीबंदरला छिन्नी चालत होती. अजिंठ्याच्या नकला सन्मानाने लंडनला रवाना झाल्या, संग्रहालयात लागल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या पुष्कळशा जळून गेल्या. स्थानकावरचे काम ऊन, पाऊस, गाड्यांचा धूर आणि माणसांची गर्दी सोसत जागेवरच राहिले.

दर्शनी भिंतीवर माणसांचे काही मुखवटे कोरलेले आहेत. कंपनीशी संबंधित बड्या लोकांत नाना शंकरशेट आहेत, जमशेटजीही आहेत. ज्यांच्या देणगीतून शाळा उभी राहिली त्यांचा चेहरा असा भिंतीवर आला, आणि तो यायलाच हवा होता. त्या शाळेत शिकून हा दगड घडवणाऱ्या मुलांचे नाव मात्र त्या भिंतीवर कुठे नाही.

राणीचे नाव इमारतीला १८८७ मध्ये मिळाले, १९९६ साली ते जाऊन छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले. मध्ये २००४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली. घड्याळाखालच्या कोनाड्यातला राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर काढला, तेव्हापासून कोनाडा रिकामा आहे. आजूबाजूची पाने आहेत तिथेच आहेत.