सॅन होजेची १५० डॉलरची बॅच

ऑनलाइन कॉलेज म्हटलं की आपल्याला २०२० आठवतं. कॅमेरा बंद, माइक बंद, हजेरीपुरतं ‘येस सर’. पण त्याच्या सात वर्षं आधी कॅलिफोर्नियात असा एक प्रयोग होऊन त्याचा निकालही लागला होता. मला हे फार उशिरा कळलं, आणि खरं सांगू? रागच आला.

सुरुवात २०११ची. स्टॅनफर्डमध्ये सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुला केला. नावं नोंदवली सुमारे १ लाख ६० हजार जणांनी! शेवटपर्यंत टिकले वीसेक हजार, पण तेवढे तरी कुठल्या वर्गात मावणार? अनेकांना वाटलं, झालं, आता कॉलेजांना कुलूप. थ्रुनने युडॅसिटी ही कंपनी काढली.

जानेवारी २०१३मध्ये सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने तिच्याशी हात मिळवला. घोषणेला गव्हर्नर जेरी ब्राउन स्वतः हजर. पायाभूत गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्र, फी फक्त १५० डॉलर. पायाभूत गणिताला बसवलं कोणाला? जे त्यात आधीच नापास झाले होते त्यांना. बॅचमध्ये शाळकरी पोरंही होती. काहींकडे धड कॉम्प्युटर नव्हता.

बीजगणितात आणि संख्याशास्त्रात निम्म्याच्या आसपास पास झाले. पायाभूत गणितात ३० टक्केही नाहीत. जुलैमध्ये ठरलं, पुढचं सत्र नको.

आता गंमत बघा. त्याच वर्षीच्या उन्हाळी बॅचचा निकाल बराच चांगला लागला. का? तिच्यात निम्म्याहून जास्त जणांकडे आधीच डिग्री होती! अभ्यास कसा करायचा हे ज्यांना ठाऊक, ते व्हिडिओवरूनही शिकले. ज्यांच्या नावाने स्वस्त कोर्स काढला, तेच बुडाले.

युनिव्हर्सिटीने नंतर याचा अभ्यास केला. पास होणं सगळ्यात जास्त अवलंबून होतं ते मुलं किती नेटाने गणितं सोडवून पाठवतात यावर. आणि अडलं तर मदत मिळते, हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. वर्गात निदान आपलं पडलेलं तोंड बघून सर थांबतात हो.

थ्रुनने त्याच नोव्हेंबरात एका मुलाखतीत आपला माल सुमार असल्याचं कबूल केलं, आणि कंपनी नोकरीसाठीच्या कोर्सेसकडे वळली.

२०२०मध्ये आमच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. पहिल्याच मेसेजमध्ये लेक्चरची लिंक होती. शंका कुणाला विचारायच्या, ते कुठेच लिहिलं नव्हतं.