दोन गिअरचा पॉवरग्लाइड

मंडळी, या वीकांताला यंत्रांचा थोडा इतिहास. निमित्त आमच्या मामेभावाचं. उजनीच्या पाण्याकाठी केत्तूरकडे त्याचं गॅरेज आहे, आणि ड्रॅग रेसची गाडी बांधायचं वेड डोक्यात घेऊन बसलाय. "दाजी, रेसवाले ऑटोमॅटिक का लावतात? ते तर आळशी माणसाचं!"

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे शर्यत म्हणजे बैलगाड्यांची. २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. ड्रॅग रेसही तशीच, सरळ रेघेत. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, की खेळ खल्लास.

जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये आला. युद्धात तोच अमेरिकेच्या एम-५ आणि एम-२४ रणगाड्यांत बसला, आणि पुढे रेसवाल्यांनी उचलला. कारण सोपं. क्लच दाबला की तेवढ्यापुरती चाकांची ताकद तुटते, गिअर चुकला तर रेस गेलीच. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मधे तेल असतं. सुटताना ते इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करतं आणि धक्काही सोसतं. शिवाय दर धावेला वेळ साधारण तीच येते.

आता गंमत बघा. शेवरलेचा पॉवरग्लाइड १९५० चा, फक्त दोन गिअर. १९६४ मध्ये तीन गिअरचा टर्बो ४०० आला, तरी पॉवरग्लाइड गेला नाही. टर्बो ४०० चा पहिला गिअर २.४८, पॉवरग्लाइडचा १.८२ किंवा १.७६. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला खालचा गिअर हवाच, पण हलक्या गाडीत राक्षसी इंजिन असेल तर २.४८ ने टायर नुसते जागेवर फिरतात. उलट इंजिन बेताचं नि गाडी जड असेल तर पॉवरग्लाइड मार खातो. १.८२ वरून सरळ १ वर गेलात की ७००० चे फेरे हिशेबाने ३८५० वर येतात. प्रत्यक्षात कन्व्हर्टर घसरून थोडं सावरतो, पण म्हणूनच तो इंजिनाशी जुळवून घ्यावा लागतो. माझ्या मते लोक गिअरबॉक्सवर तासभर वाद घालतात आणि कन्व्हर्टर उरल्यासुरल्या पैशात घेतात.

दुसरी गोष्ट जिवाची. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ट्रॅकवर डॉन गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा दोन गिअरचा ट्रान्समिशन सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पायांपाशी, अशी ती रचना. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर या पठ्ठ्याने इंजिन मागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ मध्ये तीच जिंकू लागली. बाकीच्यांनी मग मुकाट्याने नक्कल केली. आज वेगवान वर्गांत गिअरबॉक्सभोवती कवच सक्तीचं असतं.

मामेभावाला म्हटलं, दोन की तीन ते इंजिन ठरल्यावर बघू, कवच मात्र यादीत पहिलं लिही. त्याने लिहिलंय. किंमत विचारतोय.