बैलगाडीचे चाक : धाव, टायर आणि शंकरपटाचा छकडा

बैलगाडी ओढण्यास लागणारे बळ, तिचा वेग आणि रस्त्याची होणारी झीज या तिन्ही गोष्टी प्रामुख्याने चाकावर अवलंबून असतात. चाकाचा व्यास, त्याचे वजन, कडेची रुंदी आणि कडेवर बसविलेले आवरण (लोखंडी धाव किंवा हवेचा टायर) यांची निवड जमीन, ओझे व वेग पाहून करावी लागते. एका कामाला योग्य ठरलेले चाक दुसऱ्या कामाला गैरसोयीचे ठरते. वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या दरम्यानचा वरोऱ्याच्या आसपासचा प्रदेश या निवडीच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. पश्चिमेस काळ्या कसदार जमिनीचा कापसाचा पट्टा, पूर्वेस भातशेतीची झाडीपट्टी व अरण्य, जवळच लोहमार्ग आणि कोळशाच्या खाणी असे चित्र तेथे आढळते. ओझ्याची बंडी, प्रवासाची दमणी किंवा रेंगी आणि शर्यतीचा छकडा ही एकाच गाडीची वेगवेगळी रूपे या भागात नांदली.

रचना : परंपरागत चाकाचे मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांना जोडणारे वक्र पुठ्ठे व त्यांवर चढविलेली लोखंडी धाव असे चार भाग असतात. तुंब्यासाठी व पुठ्ठ्यांसाठी बाभळीचे, तर आस व दांड्या यांसाठी धावड्यासारखे चिवट लाकूड पसंत केले जाई. तिवसाचे लाकूडही चाकासाठी नावाजलेले होते. ही झाडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात व लगतच्या शेतांच्या बांधांवर उपलब्ध असल्यामुळे चाक हे बहुतांशी स्थानिक कच्च्या मालातून घडे. बाहेरून आणावे लागे ते मुख्यतः लोखंड.

धाव चढविणे हे सुतार व लोहार या दोघांच्या कौशल्याची कसोटी पाहणारे काम होय. चाकाच्या परिघापेक्षा किंचित आखूड लोखंडी कडे गोवऱ्यांच्या जाळात तापवून प्रसरण पावले, की ते सांडशीने उचलून चाकावर बसवितात व लगेच पाणी ओततात. १·२ मी. व्यासाच्या चाकाचा परीघ सु. ३·७७ मी. असतो. लोखंडाचे तापमान ५०० अंश सेल्सियसने वाढल्यास एवढ्या लांबीत सु. सव्वादोन सेंमी. वाढ होते. थंड होताना कडे आवळले जाऊन सर्व सांधे घट्ट बसतात. मात्र विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते व धाव सैल होते. म्हणून चाके नदीत किंवा डोहात भिजत टाकण्याची किंवा फटींत पाचरी ठोकण्याची रीत होती.

व्यास व रुंदी : ओझ्याच्या गाडीचे लाकडी चाक सामान्यतः १·२ ते १·५ मी. व्यासाचे असे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते, दगडावर सहज चढते आणि त्याचे लोटन घर्षणही कमी असते. शिवाय आस उंच राहिल्यामुळे नाल्यातून किंवा चिखलातून जाताना गाडीचा तळ टेकत नाही. परंतु मोठे चाक जड असते आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य त्यामुळे वर जातो.

धावेची रुंदी सामान्यतः ४ ते ५ सेंमी. असे. अरुंद धाव कोरड्या, कठीण वाटेवर हलकी चालते. मऊ जमिनीत मात्र ती सुरीसारखी रुतते. एका चाकावर ५०० किग्रॅ. भार असून धावेचा २० चौ. सेंमी. भाग जमिनीला टेकला आहे असे मानल्यास प्रत्येक चौ. सेंमी.वर २५ किग्रॅ. भार पडतो. हवेच्या टायरखाली तो साधारणपणे आतील हवेच्या दाबाइतका, म्हणजे याच्या काही अंश एवढाच असतो. याच कारणाने काळ्या मातीतील वाटांवर पावसाळ्यात बंडी अडून पडे आणि वाट वाळल्यावर खोल चाकोऱ्या उरत. पुढची प्रत्येक गाडी त्याच चाकोऱ्यांतून जात असल्याने दोन चाकांमधील अंतर गावोगाव सारखे ठेवणे सुताराला भाग पडे. ‘चाकोरी’ हा शब्द मराठीत रूढ आचाराचा वाचक झाला, त्यामागे हाच अनुभव आहे.

लोहमार्ग व रस्ते : मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. पुढे वर्धा–वरोरा शाखेमुळे वरोरा हे जिल्ह्यातील कापूस व कोळसा यांच्या वाहतुकीचे ठिकाण बनले. तेथील सरकारी कोळसा खाण १९०६ मध्ये बंद पडली. लोहमार्ग दक्षिणेकडे वाढत गेला आणि काझीपेठ–बल्लारशा भाग पूर्ण झाल्यावर १९२९ मध्ये दिल्ली–मद्रास हा थेट मार्ग याच भागातून सुरू झाला. लोहमार्गाने बैलगाडी नाहीशी केली नाही. तिचा दूरचा प्रवास संपला आणि शेतापासून स्थानकापर्यंतच्या व बाजारापर्यंतच्या फेऱ्या वाढल्या. त्यामुळे थोड्या लांबीच्या खडीच्या रस्त्यांवर असंख्य धावा एकवटल्या.

खडीच्या रस्त्याचे लोखंडी धावेने होणारे नुकसान हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रस्तेबांधणीपुढील एक बिकट प्रश्न होता. मोटारीचे चाक खडीतील बारीक माती उडवी, तर गाडीची धाव खडीच फोडे. रस्तेविकासासाठी १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींनंतर १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी स्थापन झाला. रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण अशी वर्गवारी करणारी वीस वर्षांची योजना १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत आखण्यात आली. ती ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. रस्ता बदलला, तसा चाक बदलण्याचा प्रश्नही पुढे आला.

हवेचा टायर : रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते, परंतु तो प्रचारात आला जॉन बॉइड डनलॉप यांच्या १८८८ मधील सायकलीच्या टायरमुळे. मोटारीसाठी त्याची कसोटी शर्यतीतच लागली. १८९५ च्या पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरांवर गाडी चालविली. टायर वारंवार फुटले, तरीही गाडीने शर्यत पुरी केली आणि हवेवर मोटार धावू शकते हे सिद्ध झाले. डनलॉप कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे कारखाना काढला. बैलगाडीसाठी स्वतंत्र टायर तयार होऊ लागले. ६·००–१९, ७·००–१९ व ८·००–१९ ही त्यांची रूढ मापे असून पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा कड्याचा व्यास इंचांत दर्शवितो. असे चाक बाहेरून सु. ८० ते ९० सेंमी. व्यासाचे भरते, म्हणजे लाकडी चाकापेक्षा बरेच ठेंगणे. व्यास घटल्याचा तोटा टायरची रुंदी, लवचिकपणा व बॉल-बेअरिंग यांनी भरून निघतो.

पक्क्या रस्त्यावरील जड ओझ्यासाठी ही निवड निर्विवाद ठरली. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरात उसाच्या वाहतुकीसाठी टायरगाडी सर्रास वापरात आली. प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९६५ मध्ये केलेल्या केंद्रीय नियमांतही हा फरक आकड्यांत नोंदला आहे : २०० ते ३५० किग्रॅ. वजनाच्या मध्यम बैलासाठी दोनचाकी गाडीचे कमाल ओझे हवेचे टायर नसल्यास ७०० किग्रॅ., टायर असल्यास १,०५० किग्रॅ. व बॉल-बेअरिंग असल्यास १,४०० किग्रॅ. ठरविण्यात आले. १९७० नंतरच्या काळात एन. एस. रामस्वामी यांनी जू, चाक व बेअरिंग यांच्या सुधारणेचा सातत्याने पुरस्कार केला. बैलाच्या खांद्यावरील जखमांचे एक मूळ सदोष जुवात व गाडीच्या रचनेत आहे, हे त्यांनी लोकांपुढे मांडले.

कापसाच्या व जंगलाच्या मुलखात मात्र निवड इतकी सोपी नव्हती. ज्या बाभळीने चाकाला लाकूड दिले, तिचेच काटे टायरमधील नळी फोडीत. पंक्चर काढण्याची सोय तालुक्याच्या गावी. धाव सैल झाली तर गावचा लोहार ती बसवून देई व मोबदला धान्यात घेई. टायर व नळी यांना रोख पैसा लागे. शिवाय ठेंगणे चाक जुन्या चाकोरीत व नाल्यात अडे. म्हणून रस्ता पक्का होईपर्यंत शेतकऱ्याने उंच लाकडी चाक सोडले नाही, यात रूढिप्रियतेपेक्षा हिशेबच अधिक होता.

शंकरपट : विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीस शंकरपट किंवा नुसता पट म्हणतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत पिके निघाल्यावर हिवाळ्यात पट भरतात. दिवसा पट व रात्री नाटक ही झाडीपट्टीची रीत असून तेथील रंगभूमीचा विस्तार पटांच्या आश्रयाने झाला. वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ ही चपळ चालीची जात जलद वाहतुकीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

पटाच्या गाडीवर ओझे नसते. असतो तो फक्त धुरकरी. त्यामुळे चाकाच्या निवडीचे गणित पालटते. सरळ व थोड्या अंतराच्या धावेत पहिल्या काही क्षणांत मिळणारा वेग निर्णायक ठरतो. गतिमान करताना चाकाच्या कडेवरील एक किलोग्रॅम वजन गाडीच्या साट्यावरील सु. दोन किलोग्रॅमांइतके भारी पडते, कारण त्याला पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. म्हणून छकड्याची कड शक्य तितकी हलकी हवी. व्यास फार लहान ठेवल्यास चाक भुसभुशीत मातीत दबते व हादरे वाढतात. फार मोठा ठेवल्यास वजन वाढते व गाडी कलंडण्याचा धोका उद्भवतो. आसेची उंची जुवाच्या उंचीशी जुळली नाही, तर दांडी तिरपी होऊन बैलांच्या मानेवर अनाठायी भार येतो किंवा जू वर उचलले जाते. ओझ्याखाली उपयोगी पडणारा टायर रिकाम्या गाडीखाली उसळतो, ही आणखी एक अडचण. मोटार-शर्यतींतही हाच विचार वेगळ्या साधनांनी होतो : कोरड्या मार्गावर गुळगुळीत, ओल्या मार्गावर खाचांचे टायर वापरतात. फॉर्म्युला वन शर्यतींत २०२२ पासून १३ इंची कड्यांऐवजी १८ इंची कडी आली.

पटाच्या भवितव्याचा प्रश्न न्यायालयांत दीर्घकाळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने राज्यात सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. बंदीच्या काळात झाडीपट्टीतील नाटकांच्या आश्रयासही झळ पोहोचली.

ट्रॅक्टर व मालमोटारी यांच्या प्रसारानंतर ओझ्याच्या लाकडी चाकांची मागणी घटली आणि धाव चढविणारे कारागीर दुर्मिळ झाले. त्यांचे ज्ञान मुख्यतः हातांतून हातांत जात आले असल्याने, काम थांबले की तेही खंडित होते. आऱ्यांचा कल, धावेचा आखूडपणा व लाकूड मुरविण्याचा काळ यांची मापे जाणत्यांकडून नोंदवून ठेवणे, हे या प्रदेशाच्या तंत्रविद्येच्या इतिहासासाठी अगत्याचे आहे.