दुसऱ्या आवाजाची कुळकथा

‘अॅन अमेरिकन टेल’ या १९८६च्या कार्टूनपटात दोन उंदरं एकाच चंद्राकडे बघत गातात. रशियातून न्यूयॉर्कला निघालेल्या कुटुंबातला फाइवेल वाटेत समुद्रात पडून हरवलेला. त्याची बहीण तान्या त्याच शहरात, पण ताटातूट झालेली. गाणारी खरीखुरी मुलंच, त्यामुळे सूर हलतो, श्वास अपुरा पडतो. जेम्स हॉर्नर, बॅरी मॅन आणि सिंथिया वाइल यांनी ‘समव्हेअर आउट देअर’ रचलं ते या प्रसंगापुरतं. ते गाजावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. निर्माते स्टीव्हन स्पीलबर्ग यांना मात्र ते रेडिओवर चालेलसं वाटलं. पण उंदराच्या पिल्लांचा आवाज कुठलं स्टेशन लावणार? मग लिंडा रॉन्स्टॅट आणि जेम्स इंग्रम यांच्याकडून तेच गाणं पुन्हा गाऊन घेतलं आणि शेवटच्या श्रेयनामावलीवर बसवलं. ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, ‘साँग ऑफ द इयर’चं ग्रॅमीही मिळालं.

या उलाढालीत बहीणभावाच्या आठवणीचं प्रेमिकांच्या विरहात रूपांतर झालं. शब्द तेच, पण मोठ्या स्त्री-पुरुषाच्या तोंडी त्यांचा अर्थच सरकला. मला तो कच्चा सूरच जास्त पटतो.

डिस्नेने १९९१मध्ये ‘ब्यूटी अँड द बीस्ट’साठी हीच युक्ती वापरली. चित्रपटात शीर्षकगीत गाते मिसेस पॉट्स ही किटली, म्हणजे अँजेला लॅन्सबरी. नाचणारं जोडपं गप्पच. हॉवर्ड अॅशमनचे शब्दही त्या दोघांबद्दल बोलणारे, बाजूला उभं राहून पाहणाऱ्या पोक्त बाईचे. श्रेयनामावलीत मात्र सेलीन डिऑन आणि पीबो ब्रायसन तेच शब्द एकमेकांना ऐकवतात, म्हणजे दोघं स्वतःबद्दलच त्रयस्थासारखं गातात. डिऑन तेव्हा इंग्रजी श्रोत्यांना फारशी माहीत नव्हती, म्हणून ब्रायसनचा टेकू.

पुढच्याच वर्षी ‘अलादीन’मध्ये हा सांधा दिसला नाही. ‘अ होल न्यू वर्ल्ड’ मुळात दोन तरुणांचंच, गालिच्यावर बसून गायलेलं. ब्रायसन आणि रेजिना बेल यांना फक्त वाद्यं वाढवायची होती. मार्च १९९३मध्ये या गाण्याने व्हिटनी ह्यूस्टनच्या १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलेल्या गाण्याला खाली उतरवलं.

‘द लायन किंग’च्या वेळी (१९९४) ताण उलट दिशेने आला. ‘कॅन यू फील द लव्ह टुनाइट’ टिमोन आणि पुंबा या दुय्यम पात्रांनी विनोदी ढंगात गायचं, असा एक बेत होता. संगीतकार एल्टन जॉनला तो मुळीच रुचला नाही. अखेर सुरुवात आणि शेवट त्या दोघांच्या वात्रटपणाला मिळाला, मधलं प्रेमगीत वाचलं, आणि खुद्द एल्टन शेवटच्या नावांवर आला. कथेच्या दृष्टीने ही तडजोड मला उत्तम वाटते: वात्रटपणा असल्यामुळेच मधला गोडवा सोसतो.

पुढे ‘टार्झन’मध्ये (१९९९) नायकाने गायचंच नाही असं ठरलं आणि फिल कॉलिन्स बाहेरून गात राहिला. ‘श्रेक’ने (२००१) तर तयार पॉप गाणीच उचलली. परीकथेची टर उडवणाऱ्या चित्रपटाला ती उपरी गाणी शोभलीही.

दोन आवाजांच्या रिवाजाला खरा धक्का बसला तो २०१३च्या ‘फ्रोझन’ने. ‘लेट इट गो’ची पॉप आवृत्ती डेमी लोव्हाटोने गायली, ती बिलबोर्डवर ३८व्या क्रमांकापर्यंत गेली. इडिना मेन्झेलने एल्साच्या भूमिकेत गायलेलं मूळ गाणं पाचव्यावर पोचलं. ज्या गाण्यामुळे पटकथाकारांनी एल्साला खलनायिकेऐवजी नायिका केलं, ते तिच्यापासून सोडवून विकणं अवघडच होतं.

‘अ होल न्यू वर्ल्ड’नंतर डिस्नेच्या कार्टूनपटातलं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचायला २०२२ उजाडलं. ‘एन्कान्टो’तलं ‘वी डोन्ट टॉक अबाउट ब्रुनो’ पाच आठवडे तिथे राहिलं, आणि ते गायलं होतं पात्रांना आवाज देणाऱ्या कलाकारांनीच. ऑस्करसाठी मात्र डिस्नेने त्याच चित्रपटातलं दुसरंच गाणं पाठवलं होतं.