हळदीची सूक्ष्म पेवे

हळदीचा डाग पडलेले लुगडे धुऊन उन्हात वाळत घातले म्हणजे साबणाला न जुमानणारा पिवळेपणा आपोआप फिका पडतो, हे आपल्याकडच्या गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. रसायनशास्त्राला मात्र या साध्या गोष्टीपर्यंत पोचायला बराच काळ लागला. व्होगेल आणि पेलेतिए यांनी १८१५ मध्ये हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे काढले. त्या कर्क्युमिनची रेणुरचना निश्चित व्हायला १९१० साल उजाडले. आणि प्रकाशात त्याचे विघटन कसे होते याविषयीचे नॉर्वेतील हान्ने टोन्नेसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले.

कर्क्युमिन हे ऑक्सिडीकरणरोधक आहे, म्हणजे इतरांवर येणारा जाळ ते स्वतःवर ओढून घेते. परंतु जे दुसऱ्यासाठी जळायला इतके तत्पर, ते स्वतः टिकणार किती? १९९७ मधील एका प्रयोगात शरीराच्या उष्णतेला, जवळजवळ उदासीन अशा द्रावणात, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन नाहीसे झाले. त्यातून ते पाण्यात विरघळतही नाही. कातडीच्या रक्षणासाठी असले द्रव्य वापरायचे तर त्याला आधी स्वतःला कोठेतरी आसरा हवा.

सांगलीजवळच्या हरिपुरात हळकुंडे जमिनीतल्या पेवांत साठवीत. तोंड अरुंद, पोट मोठे. आत हवा खेळत नाही, कीड जगत नाही, आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. विज्ञानाला हवे होते ते याच जातीचे, पण डोळ्यांना न दिसणारे पेव.

ते सापडले केंब्रिजजवळच्या बाब्रहम येथे, आणि तेही दुसरेच काही शोधताना. अॅलेक बॅंगहॅम हे रक्तविज्ञानाचे अभ्यासक. १९६० नंतरच्या एक-दोन वर्षांत संस्थेत आलेल्या नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची परीक्षा घ्यावी म्हणून त्यांनी आणि हॉर्न यांनी फॉस्फोलिपिडे, म्हणजे अंड्याच्या बलकात असतात त्या जातीची स्निग्ध द्रव्ये, पाण्यात मिसळून पाहिली. ती आपण होऊन गोळा झाली होती. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर आणि मधे कोंडलेले पाणी! हे निरीक्षण १९६४ मध्ये छापून आले. या गोळ्यांना काही काळ थट्टेने ‘बॅंगहॅसोम’ म्हणत. ‘लायपोसोम’ हे नाव गेराल्ड वाइसमन यांनी १९६८ मध्ये सुचविले. यांतली लहान पेवे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढीच असतात. पाण्यात विरघळणारे द्रव्य त्यांच्या पोटात राहते, आणि कर्क्युमिनसारखे तेलाशी सख्य असलेले द्रव्य भिंतीतच मुरून पाण्यापासून बचावते.

१९८० मध्ये कॅनडातील मेझेई आणि गुलसेखरम यांनी सशांच्या कातडीवर एक औषध लायपोसोमांतून लावून पाहिले. नेहमीच्या मलमापेक्षा चार ते पाच पट औषध कातडीच्या थरांत पोचले. मग १९८६ मध्ये दिओर या फ्रेंच सौंदर्यप्रसाधनगृहाने ‘कॅप्च्युअर’ बाजारात आणले आणि अशा लेपांचे जे पेव फुटले ते आजतागायत बुजलेले नाही. लायपोसोम कातडीतून सबंध आत उतरतो असे जाहिराती सुचवतात. बहुतेक वेळा तो वरच्या मृत थरातच फुटतो आणि आतला माल तेवढा पुढे झिरपतो. हेही कमी नाही, पण डबीच्या किमतीत हा भेद उतरत नाही.

इकडे आमच्यातले काही उत्साही लोक म्हणतात की, सायीत हळद कालवणाऱ्या आजीबाईला लायपोसोम ठाऊकच होता. मला हे पटत नाही. साय हा आसरा खरा. पण आसरा देणे वेगळे आणि त्याची भिंत मोजणे वेगळे. आजीबाईचा हक्क दुसरीकडे आहे आणि तो बळकट आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सी. एस. आय. आर.ने ते आव्हानिले. जुने संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यक नियतकालिकातील १९५३ चा एक लेख पुढे ठेवण्यात आला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

पेवांचा शोध मात्र संपला नव्हता. २००२ मध्ये टोन्नेसेनबाईंनी कर्क्युमिनला स्टार्चपासून बनणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या कड्याकड्यांच्या रेणूंत बसवले. विद्राव्यता किमान दहा हजार पट वाढली, पाण्यातला टिकाऊपणाही वाढला. उन्हात मात्र ते साध्या सेंद्रिय द्रावकातल्यापेक्षाही लवकर विटले.