भोजने मत्तञ्ञुता : कोसलराज पसेनदीच्या आहाराची कथा

पालि वाङ्मयात राजांच्या युद्धांची, तहांची व दानांची वर्णने पुष्कळ आहेत. परंतु एका राजाच्या जेवणाचे माप किती होते आणि ते कसे कमी झाले, याची नोंद ठेवणारे एक सुत्तही त्यात आहे. संयुत्त निकायाच्या सगाथवग्गात कोसलसंयुत्त आहे; त्यातील ‘दोणपाक सुत्त’ हे ते होय. सुत्त अगदी लहान आहे. तथापि आज आपल्या घराघरांत शिरलेल्या एका व्याधीशी त्याचा निकटचा संबंध असल्यामुळे प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

सुत्तातील हकीकत अशी : त्या काळी कोसलराज पसेनदी एक द्रोण तांदळाचा भात खात असे. एके दिवशी असे भरपेट जेवण करून तो धापा टाकीतच भगवंतांकडे आला. त्याची अवस्था पाहून भगवंतांनी एक गाथा उच्चारली. जो मनुष्य सदैव स्मृती राखतो आणि मिळालेल्या अन्नातही मात्रा ओळखतो, त्याच्या पीडा कमी होतात, त्याला वार्धक्य सावकाश येते आणि त्याचे आयुष्य जपले जाते, असा तिचा आशय आहे. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. ही गाथा पाठ करून आपल्या जेवणाच्या वेळी ती म्हणत जावी, अशी राजाने त्याला आज्ञा केली आणि त्याबद्दल रोज शंभर कहापण देण्याचे ठरविले. पुढे राजा ‘अनुपुब्बेन’, म्हणजे क्रमाक्रमाने, जास्तीत जास्त एक नाळी भातावर येऊन स्थिरावला. काही काळाने शरीर हलके झाल्यावर अंगावरून हात फिरवीत त्याने उद्गार काढले की, भगवंतांनी आपल्यावर इहलोकीच्या व परलोकीच्या अशा दोन्ही हितांनी अनुकंपा केली.

प्राचीन मापांप्रमाणे चार पत्थांचा एक आळ्हक आणि चार आळ्हकांचा एक द्रोण होतो. नाळी व पत्थ ही मापे एकच धरली, तर राजाचा आहार सोळा हिश्श्यांवरून एका हिश्श्यावर आला. या आकड्यात कथनाची अतिशयोक्ती असू शकेल. परंतु सुत्तकारांचा भर आकड्यापेक्षा ‘अनुपुब्बेन’ या शब्दावर आहे, हे विसरता कामा नये.

हा क्रम कसा साधला, याचा तपशील अट्ठकथेत येतो. तिच्यानुसार सुदस्सन हा राजाचा भाचा होता. भगवंतांनी त्याला युक्ती सांगितली ती अशी : राजा शेवटचा घास हातात घेईल त्या वेळी गाथा म्हणावी. अर्थ ध्यानात येऊन राजा तो घास टाकील. त्या घासात जितकी शिते असतील तितके तांदूळ पुढच्या स्वयंपाकात कमी घ्यावेत. मूळ सुत्तात नसलेला हा भाग उत्तरकालीन आहे. पण त्यातील व्यवहारज्ञान लक्षणीय आहे. राजाला उपवास सांगितला नाही, कोणताही पदार्थ वर्ज्य केला नाही, अन्नाची निंदा केली नाही. एका जेवणात एक घास कमी, एवढेच. जेवताना स्मृती हरपते म्हणून ती जागी करण्यासाठी जवळच्या माणसाला नेमले. उरुवेलेच्या अरण्यात अन्नत्यागाची परिसीमा गाठून तो मार्ग व्यर्थ म्हणून सोडणाऱ्या शास्त्याकडून दुसरे काय अपेक्षावे? मात्रा जाणणे हा आहारातील मध्यम मार्गच आहे.

अतिभोजनाचा दोष केवळ राजवाड्यापुरता नव्हता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वेसालीचा एक प्रसंग आहे. तेथील उपासकांनी उत्तमोत्तम भोजनांची रांगच लावली होती. ते खाऊन भिक्षूंची शरीरे जड झाली व आजार वाढले. काही कामासाठी तेथे आलेल्या जीवक कोमारभच्चाच्या वैद्यकी नजरेने हे टिपले. त्याने भगवंतांना विनंती केली की, भिक्षूंना चंकम आणि जंताघर, म्हणजे येरझारा घालण्याची जागा आणि घाम काढण्याची उष्ण खोली, यांची अनुमती द्यावी. भगवंतांनी ती दिली. अंगुत्तर निकायात चंकमाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता येते, परिश्रमाची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पचन आणि समाधी एकाच यादीत बसविणारी ही दृष्टी शरीराला तुच्छ लेखणारी नाही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. ज्या समाजाच्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या पोटभर अन्न मिळाले नाही, त्याला कमी खाण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? याचे उत्तर धम्मपदाच्या सुखवग्गात लागोपाठ आलेल्या दोन गाथांत आहे. २०३ वी गाथा भूक हा सर्वांत मोठा रोग मानते. अट्ठकथेप्रमाणे ती आळवी येथील एका गरीब शेतकऱ्याच्या निमित्ताने सांगितली गेली. हरवलेला बैल शोधून तो दमूनभागून, उपाशीपोटी भगवंतांकडे आला. भगवंतांनी आधी उरलेल्या अन्नाची चौकशी करून त्याला जेवू घातले आणि त्याची भूक शमल्यावरच धम्म सांगितला. भिक्षूंना याचे आश्चर्य वाटले, कारण अशी भोजनव्यवस्था तथागतांनी स्वतः अन्यत्र केलेली नाही, असे अट्ठकथाच म्हणते. लगेच पुढची २०४ वी गाथा आरोग्याला सर्व लाभांत पहिले स्थान देते, आणि ती अट्ठकथेने पसेनदीच्याच कथेला जोडली आहे. म्हणजे उपाशी माणसाला आधी अन्न आणि तुडुंब जेवलेल्याला मात्रा. दोन्ही ठिकाणी करुणा तीच आहे. शेतकऱ्याला कमी खाण्याचा उपदेश करणे जितके निर्दयपणाचे ठरले असते, तितकेच राजाला आणखी वाढणेही.

आपल्या इतिहासात अन्नाचा प्रश्न स्वाभिमानाचा प्रश्न होता. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस व उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. उपासमार सोसूनही लोकांनी ते पाळले. त्यांच्या नातवंडांच्या ताटात आज स्वकष्टाचे अन्न आहे. लग्नात, जयंतीच्या भोजनात पाहुण्याला आग्रहाने वाढताना त्या जुन्या भुकेची आठवण हातात असते, आणि तिचा अनादर कोणी करू नये. परंतु शेतात राबणारे शरीर आता कचेरीत खुर्चीवर बसते, तरी भाताचे माप तेच राहिले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असून, सुमारे ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटावर अतिरिक्त मेद आहे. दक्षिण आशियाई पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीचा ८० सेंटिमीटर झाला, की धोक्याची सूचना समजावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. पोटात साठणारा मेद हा मधुमेहाशी व हृदयविकाराशी निगडित आहे. तो केवळ पोटाच्या व्यायामाने उतरत नाही. आहाराचे माप आणि नित्याचे चालणे यांनीच सावकाश उतरतो. जे मधुमेहाची औषधे घेतात, त्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी आपल्या वैद्याला विचारावे.

म्हणून उपासक-उपासिकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, प्रत्येक घरात एक सुदस्सन असावा. रोजच्या तांदळातून थोडे तांदूळ बाजूला काढावेत, ‘आणखी घ्या’ असा आग्रह एकदाच करावा आणि सायंकाळच्या वंदनेला विहारात पायी जावे. राजाला सुदस्सनासाठी रोज शंभर कहापण मोजावे लागले. आपल्या घरी ते काम मुलगी, सून किंवा नातू प्रेमाने करील. जेवताना त्यांनी आठवण करून दिली, तर रागावू नये. पसेनदीही रागावला नव्हता.